एका तासाने हुकलेली मॅच

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मार्च २००७ मध्ये मी अमेरिकेतल्या हर्नडनहून न्यू जर्सीला गेले ती मकरंदला विमानात बसवायला. मकरंद मूळचा नागपूरचा, ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला. व्हिसाची सहा वर्षं संपली, ग्रीन कार्डाचं जमलं नाही आणि कंपनीने नेवार्कहून परतीचं तिकीट काढून दिलं.

या पोराचा जीव इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका क्लबात अडकलेला. लीगमध्ये कायम मधल्या पायरीवर, पण या सीझनला युरोपातल्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचलेला. युरोपातल्या मॅच तिकडे रात्री, म्हणजे इकडे अमेरिकेत भर दुपारी, नेमक्या स्टेटस मीटिंगच्या वेळेला. त्यामुळे मकरंद मॅच बघायचा नाही, वाचायचा. दर मिनिटाला एक ओळ येणारं वेबपेज उघडून रिफ्रेश करत राहायचा.

"ताई, एकदा तरी बघायची यार, लोकांत बसून," तो म्हणाला. नेवार्कजवळच्या एका पबमध्ये या क्लबाचे पाठीराखे जमतात, हे त्याने शोधून ठेवलं होतं. विमान संध्याकाळी सातचं, मॅच तिकडच्या पावणेआठची.

"पाच तासांचा फरक, म्हणजे आपल्याकडे पावणेतीन," मी म्हणाले. "पावणेपाचपर्यंत संपेल. पाचला निघू."

हा हिशेब माझा होता.

सकाळी सातला निघालो. शहराभोवतीच्या बेल्टवेवर ट्रॅफिकने तास खाल्ला, पुढे नव्वद-पाच नंबरचा हायवे मोकळा मिळाला. डेलावेअर राज्य डुलकी काढली तर निसटेल एवढंच आहे, टोल मात्र न चुकता घेतं, तेव्हा सुटे डॉलर हाताशी ठेवा. दुपारी एडिसनला ओक ट्री रोडवर गुजराती थाळी खाल्ली. पोळ्या उत्तम. डाळ चाखून मकरंदने नागपुरी तोंड केलं. "ताई, हे वरण आहे की शिरा?"

सव्वादोनला पबमध्ये पोचलो. मकरंदच्या गळ्यात क्लबाचा स्कार्फ, गाडीत दोन भरलेल्या बॅगा. आत इनमीन सहा माणसं आणि टीव्हीवर गोल्फ. पावणेतीन झाले, तरी गोल्फच. मी काउंटरमागच्या पांढऱ्या केसांच्या बारमनला विचारलं. "थ्री फॉर्टी-फाइव्ह, डार्लिंग," तो म्हणाला.

मकरंदने माझ्याकडे पाहिलं. "ताई. डीएसटी."

उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, ती त्या वर्षी अमेरिकेने तीन आठवडे लवकर केली होती, इंग्लंडची अजून जागची हलली नव्हती. फरक तेवढ्या दिवसांपुरता चार तासांचा. आता यातली मेख ऐका. याच बदलासाठी कंपनीचे सगळे सर्व्हर दुरुस्त करायचं काम तीन महिने मी सांभाळलं होतं. नवे नियम लोकांना समजावून समजावून घसा बसला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पावणेचारपर्यंत पब भरला. या फेरीच्या दोन मॅचपैकी पहिली क्लब एका गोलने हरला होता, म्हणजे आज किमान दोन हवे होते. मकरंद अनोळखी लोकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होता. ऑफिसात त्याचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. पाच वाजले तेव्हा अठ्ठावन्नावं मिनिट चालू होतं आणि शून्य-शून्य. तो स्वतःच उठला. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

विमानतळावर बॅगा उतरवताना गळ्याला हात लावून तो म्हणाला, "स्कार्फ राहिला."

"परत जाऊन आणते, पोस्टाने पाठवते," मी म्हणाले.

परत गेले तर पबमध्ये गाणी चालली होती. स्कार्फ खुर्चीवर तसाच होता आणि क्लब जिंकला होता. दोन गोल, दोन्ही आम्ही निघाल्यानंतर. मी बारमनला म्हटलं, मला सगळं नीट सांग, माझ्या मित्राला सांगायचंय. त्याने काउंटरवर मीठदाणी, मिरपूडदाणी आणि चार ग्लास मांडले आणि एकेक पास सरकवून दाखवला. मी पेपर नॅपकिनवर मिनिटांसकट उतरवून घेतलं, बाण काढून. ऑफसाइड मात्र तीनदा समजावूनही कळला नाही.

सीझनचं म्हणाल तर पुढच्याच फेरीत क्लब हरला आणि लीगमध्ये पुन्हा मधल्या पायरीवर. मार्चच्या मध्यात अशा ट्रिपला जाणार असाल तर वेळ दोनदा तपासा, आणि मला विचारू नका.

घरी परतल्यावर दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, नागपूरहून फोन आला. मकरंदने वेबसाइट उघडली नव्हती, पेपरही पाहिला नव्हता.

"वाचायची नाही, ताई. तू बघून आलीस ना? तू सांग."

मी बघितली नव्हती. पण नॅपकिन समोर होता. ओट्यावरची मीठदाणी पुढ्यात ओढली. "हं. एकोणऐंशीवं मिनिट..."

"थांब थांब," तो म्हणाला. "कुणाच्या घड्याळात?"

मग आम्ही हसलो, पुरेसं हसून झालं, आणि मी अठ्ठावन्नाव्या मिनिटापासून सुरुवात केली.