निळ्याचा जांभळा करणारं टेबल

माझ्या फजित्या मी स्वतःच सांगत फिरतो. एका लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्याऐवजी त्याच्या भावाचेच क्लोजअप लावले होते ती, वायरीत पाय अडकून मांडवाचा खांब खाली आणला होता ती — चार माणसं जेवायला बसली की मला आग्रह करावा लागत नाही. आज लिहितोय ती गोष्टही मी पुष्कळदा सांगितली आहे. पण अर्धी. लोक हसतात तिथपर्यंत. पुढची अर्धी आजवर कुणाच्याही कानावर गेलेली नाही — आणि खरी गोष्ट तीच आहे.

तर आधी हसायची अर्धी.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये हरेशसेठचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ होता. खाली साड्यांना फॉल-पिको करणारं दुकान, वर आम्ही. मी एडिटर, मिलिंद कॅमेरामन. मिलिंद बदलापूरचा, कात्रपमध्ये राहायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, मला सतीशदादा म्हणायचा. सेठला एक दिवस कुणीतरी सांगितलं की सिनेमाचे डिजिटल कॅमेरे आता भाड्याने मिळतात. झालं. मोठ्या लग्नांना तो कॅमेरा येऊ लागला.

कॅमेरा खरंच अजब होता. हॅलोजनच्या झोतात नवरीची जरी पांढरीफटक पडायची नाही आणि त्याच वेळी मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली मावशीही दिसायची. एवढं सगळं पोटात ठेवायचं म्हणून तो चित्र फिकट घ्यायचा — सोड्यात उकळलेल्या साडीसारखं. पहिल्यांदा ते बघून सेठनं कपाळाला हात लावला. “साईं, ये शादी है कि बारहवां?”

त्यावर उपाय म्हणजे लुकअप टेबल. नाव भारी, पण आत काय? कॅमेऱ्यातून अमुक रंग आला की पडद्यावर तमुक रंग दाखव, अशी कॉम्प्युटरला दिलेली एक लांबलचक यादी. ती फाइल लावली की फिकट चित्र एका दमात उजळतं. मी इंटरनेटवरून एक टेबल उतरवलं आणि महिनाभर त्याचे कान पिळत बसलो. लाल असा केला की मेंदी ओली वाटावी. सोनं असं केलं की सेठची गिऱ्हाइकं स्वतःचेच दागिने बघून खूश व्हावीत. फाइलला नाव दिलं — ‘सतीश फायनल फायनल खरंच फायनल’. माझ्या आयुष्यातली ती एकमेव कलाकृती!

तिच्यात खोट होती. लाल आणि सोनेरी एवढे ताणल्यावर कुणाचा तरी बळी जाणार, तो निळ्याचा गेला. माझ्या टेबलातून गर्द निळा बाहेर यायचा तो जांभळा होऊन. आमच्या लग्नांत लाल, मरून, सोनेरी. निळ्याला विचारतं कोण?

मिलिंदनं विचारलं. त्याच्या वस्तीतली जयंतीची मिरवणूक त्यानं त्या कॅमेऱ्यावर टिपली होती, सेठच्या परवानगीनं, सराव म्हणून. मी हौसेनं माझं टेबल लावलं आणि रस्ताभरचे निळे झेंडे जांभळे झाले. त्यानं चित्र थांबवून एका झेंड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “दादा, बाकी सगळं एक नंबर. पण झेंडा निळाच पाहिजे ना. आपण दोघं बसून तेवढा निळा सोडवू या का?” मी म्हणालो, हे टेबल असंच असतं, तुला नाही कळायचं. खरं म्हणजे मलाच ते सोडवता येत नव्हतं. आणि त्याला जमलं असतं, अशी मला दाट शंका होती.

त्यानंतर काही महिन्यांनी पालेगावात, माझ्याच बिल्डिंगमधल्या काकूंकडे त्यांच्या मुलाच्या लग्नाची डीव्हीडी लागली. काम अंबरनाथच्या एका स्टुडिओचं. शेजारी असून मला दिलं नाही, म्हणून मी नाक मुरडायच्या तयारीनंच गेलो होतो. पडद्यावर काकू आल्या. लग्नात मी त्यांना गर्द निळ्या पैठणीत पाहिलं होतं.

“काकू, ही साडी निळी होती ना?”

“होती की रे! कपाटात अजूनही निळीच आहे. ह्या मेल्यांनी व्हिडिओत वांगं केलंय माझं.”

सगळे हसले. जेवणावर मी गोष्ट सांगतो ती इथे संपते — दुसऱ्याच्या व्हिडिओतल्या चुकीवरून मी माझी चोरीला गेलेली चूक ओळखली! लोक टाळ्या देतात. मग मी भाजी वाढून घेतो.

तुम्ही मात्र थांबा जरा.

त्या संध्याकाळी मला हसू आलं नव्हतं. घाम आला होता. माझं टेबल अंबरनाथला गेलं कसं? स्टुडिओत माणसं तीन. सेठला फाइल आणि फोल्डर यातला फरक कळत नव्हता. मी तर मीच. उरला कोण?

एकदा संशय घ्यायचा म्हटलं की माणूस किती कामाला लागतो! मिलिंद फोन घेऊन गॅलरीत गेला की मी पंख्याचा वेग कमी करायचो, ऐकू यावं म्हणून. तो लवकर निघाला की मला वाटे, अंबरनाथला उतरणार. उशिरा थांबला तर वाटे, आता कॉपी मारणार. तो डबा खाली घेऊन गेला तेव्हा मी त्याच्या बॅगेतला पेनड्राइव्ह काढून माझ्या मशीनला लावला. आत जयंतीची गाणी होती आणि बहिणीचा बायोडेटा. एवढंच. तर मी काय समजलो? हा फार हुशार आहे, मागे काही ठेवत नाही.

एक साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. टेबल चोरायचंच, तर मिलिंद ते निळ्याची वाट लागलेलं चोरेल? ज्यानं एक निळा सोडवू या म्हणून माझ्या मिनतवाऱ्या केल्या, तो ती खोट तशीच पिशवीत घालून दुसऱ्याला नेऊन देईल? — विचारला नाही, असं मी म्हणतोय. विचारला होता. उत्तर सोयीचं नव्हतं.

मग मी सेठला सांगितलं. नाव घेतलं नाही हं! मी असले बावळट प्रकार करत नाही. मी फक्त म्हणालो, “सेठ, आपला माल बाहेर जातोय. मशीनवर मी आणि मिलिंद, दोघंच बसतो.” एवढंच. सेठ म्हणाला, “ये लोगों को सर पे चढ़ाया, मेरी ही ग़लती.” ये लोग — म्हणजे कोण लोग, ते मला नीट कळलं होतं. मी खाली बघून माऊस पुसत बसलो.

मिलिंदला बोलावलं, विचारलं. तो आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. तो सेठशी वाद घालत बसला नाही, माझ्याकडे वळला. “दादा, तुम्ही जा अंबरनाथला. त्या माणसाला तोंडावर विचारा, टेबल कुठून आलं. मी गेलो तर म्हणतील, हा मिटवायला आला होता. तुम्ही जाऊन या, तुमच्यावर माझा विश्वास आहे.”

त्याला एवढी घाई का होती, हे लग्नाच्या धंद्यात नसलेल्यांना सांगायला हवं. आमचा कॅमेरामन नवरीच्या खोलीत जातो. पलंगावर दागिन्यांचे डबे उघडे असतात, बायका अर्ध्या तयार असतात, आणि त्याला कुणी हटकत नाही. त्या खोलीच्या दारातून आत सोडतात ते कॅमेऱ्याला नाही, माणसाला. ज्याच्या नावामागे एकदा चोर लागलं, त्याला ते दार बंद. मग भलेही त्यानं चोरलेली गोष्ट हातात न मावणारी, रंगांची यादी असो. कल्याणपासून बदलापूरपर्यंत सगळे स्टुडिओवाले एकमेकांना ओळखतात.

गेलो. अंबरनाथचा स्टुडिओवाला मोरे नावाचा जाडा, हसरा गृहस्थ निघाला. मी दम देण्याच्या तयारीत होतो आणि तो मला चहा मागवत होता. टेबल? हां हां, ते! त्यात लपवण्यासारखं त्याला काहीच वाटलं नाही. “अहो, कॅम्पातून जुनी हार्डडिस्क उचलली फुटेज ठेवायला. पुसायच्या आधी आत बघितलं, तर हे बसलेलं. आम्हीही तोच कॅमेरा आणतो, म्हटलं लावून बघू. कोण तो सतीश, देव त्याचं भलं करो!” आणि त्यानं खणातून ती डिस्क काढून माझ्यासमोर ठेवली. वर पांढरी पट्टी. पट्टीवर काळ्या मार्करनं, माझ्याच गिचमिड अक्षरात — ‘हात लावू नये’.

इथे तुम्हाला एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

स्टुडिओची ती डिस्क कुरकुर करायला लागली होती. सेठ म्हणाला होता, लोकांच्या घरची लग्नं आहेत त्यात, हातोडीनं फोडून टाक. मी म्हणालो, फोडतो. आणि फोडली नाही. घरच्या कॉम्प्युटरसाठी मला मोठी डिस्क हवी होती. कॅम्पातला पार्टवाला जुनी चालू डिस्क बदल्यात घ्यायचा. मी वरवर पुसली — वाटलं पुसली — आणि देऊन आलो. मोठ्या डिस्कवर सिनेमे भरले. विसरलो. इतका साफ विसरलो की कुणाच्या बॅगा तपासताना मला ते एकदाही आठवलं नाही. आठवलं नाही, हे तरी खरं आहे ना? आज मी शपथेवर सांगू शकत नाही.

तर चोर सापडला होता. मोरेच्या खुर्चीत बसून त्याचाच चहा पीत होता.

अंबरनाथ ते कॅम्प चार, रिक्षात बसल्या बसल्या मी वाक्यं जुळवत होतो. सेठ, चूक माझी. सेठ, एक गंमतच झाली. काय झालं असतं? सेठ ओरडला असता, आईवरून चार शब्द बोलला असता, कदाचित काढलं असतं, कदाचित नसतंही. एडिटर त्याला सहज मिळत नव्हते. मिलिंदनं मला महिनाभर चिडवलं असतं. एवढंच ना? — पण मी वर गेलो तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत होते. सेठ संशयानं, मिलिंद आशेनं. आणि मी म्हणालो, “खूप विचारलं. तो सांगायला तयार नाही.”

बस. इतकंच खोटं. मिलिंदचं नाव मी तेव्हाही घेतलं नाही.

सेठनं त्याला त्याच दिवशी काढलं. जाताना त्यानं कॅमेऱ्याच्या लेन्सा पुसून, मोजून, मला ताब्यात दिल्या. “बघून घ्या दादा, नंतर बोलायला नको.” मी एकेक लेन्स उजेडाकडे धरून बघितली सुद्धा.

पुढे तो शब्द व्हायचा तसा पसरला. बदलापूरच्या एका स्टुडिओनं त्याला बोलावलं, मग नको म्हणाले. मलाही एकाचा फोन आला होता, मुलगा कसा आहे विचारायला. मी म्हणालो, काम चांगलं आहे. त्यानं विचारलं, आणि बाकी? मी गप्प राहिलो. फोनवर गप्प राहणं म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही होतं.

तो मला भेटला तो तीनेक वर्षांनी, वांगणीकडच्या एका लॉनवर. मी लग्नाचं शूटिंग करून घेत होतो. तो जनरेटरवाल्या ठेकेदाराबरोबर आला होता, दिव्यांच्या वायरी टाकायला. मी त्याला आधी पाहिलं आणि मंडपाच्या मागे सटकणार, तोच हाक आली. “सतीशदादा!” मधल्या काळात लग्न झालं होतं, बायको बरोबर होती, कडेवर मुलगी. तो मला ओढतच तिच्याकडे घेऊन गेला.

“हे सतीशदादा. सांगितलं होतं ना तुला? सेठ मला चोर म्हणत होता तेव्हा माझ्यासाठी अंबरनाथला जाऊन भांडून आले होते. सगळ्या लाइनीत हा एकच माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला.”

तिनं मुलीला खाली ठेवलं, पदर सावरला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागे घेतला नाही. “अरे, त्यात काय एवढं,” मी म्हणालो. मग त्यानं आमच्यासाठी जेवणाची ताटं आणली, आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवलो, आणि मी त्यांना नवऱ्याच्या भावाच्या क्लोजअपची गोष्ट सांगून हसवलं.