प्लॅस्टिकच्या गीजची पंगत

आयर्लंडमधल्या ॲथलोनला आमच्या घरामागे जी रानं सुरू होतात ती सगळी शेजाऱ्याची. पन्नाशीचा गडी आहे. गाई पाळतो, थोडी बार्ली करतो आणि सप्टेंबर उजाडला की रानटी गीज मारायला जातो. त्यांना मराठीत हंस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हंस म्हटलं की शाळेतला सरस्वतीचा फोटो डोळ्यांपुढे येतो, आणि त्यातला काही कुणी भाजून खात नाही. म्हणून गीज, आणि एकटा असला की गूज.

त्या वर्षी त्याची आई महिनाभर हॉस्पिटलात राहून घरी आली. मी तिला आजी म्हणतो. अर्थ सांगितला तेव्हा तिला आवडला होता. घरी आली खरी, पण तिने जेवणच टाकलं. पुढे काहीही ठेवा, दोन घास घेऊन ताट सरकवायची. एका संध्याकाळी आपणहून म्हणाली, "रानातला गूज असेल तर खाईन. दुकानातला नको."

आता आली का पंचाईत! शिकारीचा हंगाम त्या शनिवारी संपत होता आणि शेजाऱ्याच्या हाती अजून एकही पक्षी लागला नव्हता. त्याच्याबरोबर जाणारा भाऊ लिमरिकला नोकरीला गेलेला. शुक्रवारी शेजारी आमच्या दारात आला.

"उद्या येतोस का? बंदुकीला हात लावायचा नाही, लायसन्स नाही तुला. डिकॉय मांडायचे फक्त."

"मांडतो की. त्यात काय!"

डिकॉय म्हणजे प्लॅस्टिकचे पोकळ गीज. एकात एक बसवून पोत्यात भरलेले, माना वेगळ्या. काही माना चरायला वाकलेल्या, काही पहारा दिल्यासारख्या ताठ. वरून उडणाऱ्या थव्याला वाटावं, खाली आपलीच मंडळी निवांत चरतायत, चला उतरू.

मी "त्यात काय" म्हणालो त्याला कारण होतं. माझे वडील आचारी. लग्नाच्या सीझनला शाळेला बुट्टी मारून मी पंगती मांडल्या आहेत; सुतळी ताणून, पत्रावळीला पत्रावळ न भिडवता, एका रेषेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंजिनिअर झालो हे छाती पुढे काढून सांगतो, आणि आचाऱ्याचा मुलगा आहे हेही तसंच सांगतो.

शनिवारी उजाडायच्या आधी कापलेल्या बार्लीच्या रानात पोचलो. शेजारी म्हणाला, "तिथं मधे मांड. बहुतेकांची तोंडं वाऱ्याकडे. बाकी तुझं डोकं चालव." आणि तो कुत्रीला घेऊन कुंपणाच्या झुडपांपाशी लपायची जाळी बांधायला गेला.

मी डोकं चालवलं. कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात सरळ रांगा धरल्या, सारखं अंतर. वाकलेल्या मानांचे जेवायला बसवले. ताठ मानांचे रांगांच्या मधल्या वाटेवर उभे केले, वाढपी असतात तसे. मांडून झाल्यावर लांब जाऊन बघितलं. वडिलांनी पाठ थोपटली असती.

फटफटलं तशी शेजाऱ्याने जाळीतून मान बाहेर काढली.

"काय रे, यांना कम्युनियन देतोयस का?" चर्चमध्ये प्रसाद घ्यायला अशीच रांग लागते.

मी काही म्हणणार तेवढ्यात जवळच्या सरोवराकडून कलकलाट ऐकू आला. थवा आला. शेजाऱ्याने शिट्टी फुंकून त्यांच्यासारखा आवाज काढला. थवा आमच्या डोक्यावरून फिरला, पुन्हा एकदा फिरला, आणि आपसात काहीतरी बोलत वर चढून निघून गेला.

तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. बंदूक मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाला, "म्हातारीला काय सांगू आता?"

मग त्यानेच समजावलं. इतक्या ताठ माना दिसल्या की त्यांना वाटतं खाली काहीतरी धोका आहे, म्हणूनच सगळे सावध उभे आहेत. "आणि उतरायचं कुठं त्यांनी? तू जागाच ठेवली नाहीस."

हे मात्र मला लगेच कळलं. भरल्या पंगतीत उशिरा आलेला पाहुणा कधी घुसत नाही. तो दारातूनच बघतो आणि मागे फिरतो.

"थांब," म्हणालो आणि रानात पळालो. बूट चिखलात रुतत होते. वाढप्यांच्या माना उपटल्या, दोन-तीनच ठेवल्या. रांगा मोडल्या. जेवणं झाल्यावर माणसं मांडवात कशी बसतात, इथं चार बायका, तिथं भावकी, एखादा रुसलेला जावई लांब एकटा, तसे सगळे पांगवले आणि मधे बक्कळ मोकळी जागा सोडली.

"ये लवकर! आवाज येतोय!" शेजारी जाळीतून ओरडला. मी त्याच्या कुत्रीशेजारी आडवा झालो.

दुसरा थवा लहान होता. एकच फेरी मारली. मग पंख ताणले, पाय खाली सोडले, आणि थेट त्या मोकळ्या जागेवर यायला लागले. इतके जवळ की पंखांची फडफड ऐकू आली. बार झाला. एक पडला. बाकीचे उठून गेले आणि शेजाऱ्याने बंदूक खाली केली.

"अजून एक मिळाला असता," मी म्हणालो.

"कशाला? खाणारी एकटीच आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मांस काळपट, चिवट. आमच्या घरचा मसाला असता तर गोष्ट वेगळी, पण मी इथल्या रीतीने "ग्रँड", म्हणजे मस्त, म्हणालो. आजीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. शेजारी बटाटे सोडून तिच्या काट्याकडेच बघत होता. तिने मांडीचा तुकडा संपवला आणि ताट पुढे केलं.

"अजून वाढ. आणि ही ग्रेव्ही कुणी केली? मीठ नाही, काही नाही. पाण्याला तरी चव असते."

तो मला नंतर म्हणाला, एरवी ती रोज जेवणाला नावं ठेवायची, पण आजारी पडल्यापासून एकदाही ठेवली नव्हती. त्या दिवशी मात्र तो एवढ्या लगबगीने मीठ आणायला उठला की त्याची खुर्चीच मागे आडवी झाली.

"हळू रे," आजी म्हणाली, "मी कुठं पळून चाललेय?"