तापाचा पुरावा

दरवर्षी भातकापणी आली की मला काहीतरी होतं. एका वर्षी कंबर धरली, एका वर्षी डोळे आले, एकदा दाढ सुजली. महाडला ऑफिसात खुर्ची उबवणाऱ्या माणसाला विळा सोसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथली शेती थोरला भाऊ बघतो, आणि तो वेगळा अर्थ लावतो. त्यामुळे यंदा वाडीवर पोचल्या पोचल्या मी खरोखरच फणफणलो, तेव्हा घरात कुणी मानही वर केली नाही.

"तुझा ताप विळा बघून चढतो रे," दादा म्हणाला.

नशिबाने पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, सुट्टीला आली होती. ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रक्तातला डेंग्यू ओळखणारी पट्टी तयार करते. माझ्या डोळ्यांमागे ठणकतंय असं ऐकून तिने सकाळीच मला पोलादपूरला नेऊन लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. मला तोवर धीर निघेना. तापापेक्षा अब्रूची काळजी मोठी होती.

"तुझ्या पट्टीवर बघ की."

"काका, ती अजून प्रयोगातच आहे. तिच्यावरून काही ठरवायचं नाही. लॅब सांगेल तेच खरं."

पण तिचेही हात शिवशिवत असावेत. दुपारी जेवणं झाल्यावर तिने यंत्र काढलं. साखर मोजायच्या यंत्राचं धाकटं भावंडच. पट्टीवर सोन्याचा पातळ मुलामा, आणि त्यावर डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन तेवढं पकडून ठेवणारे रेणू. ते प्रथिन अडकलं की विजेचा बारीकसा प्रवाह वाढतो आणि मोबाइलवर रेघ चढते. तिने माझं बोट स्पिरिटने पुसलं आणि टोचलं. रेघ आंबेनळी घाटासारखी चढत गेली.

"भावोजी, पडा तुम्ही," म्हणत वहिनींनी उशी आणली. या घरात आजारी माणसाचा मान मला प्रथमच मिळत होता. मी जमेल तेवढं कण्हून घेतलं.

"आता ताडून बघायला धडधाकट माणसाचं रक्त हवं," पुतणी म्हणाली. दादाने बोट पुढे केलं. त्याची रेघ माझ्याही वर गेली.

"मला काय झालं गो?"

"काय नाय. तुम्हालाबी कापणीचा कंटाळा आलाय," वहिनी म्हणाल्या आणि माझी उशी काढून घेतली.

पुतणी मात्र हसली नाही. तिने आमची बोटं हुंगली. जेवणात शेतातले खेकडे होते. तापावर खेकड्यांचा रस्सा हे आमच्याकडचं पहिलं औषध, आणि ते खाल्ल्यावर वास जावा म्हणून लिंबाच्या फोडीने हात चोळायचे ही रीत. लिंबातलं क जीवनसत्त्व पट्टीवर आपलं आपणच प्रवाह काढतं आणि स्पिरिटच्या बोळ्याने ते पुरतं जात नाही.

"आमच्या लॅबमध्ये कुणी खेकडे खाऊन येत नाही ना," ती हताशपणे म्हणाली.

तिने आम्हाला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि नव्या पट्ट्या घेतल्या. दादाची रेघ निपचित पडून राहिली. मग माझी पाळी. कुलदेवीकडे डेंग्यू मागणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. रेघ हळूहळू, पण चढली.

"लॅबचं येऊ दे आधी," पुतणी म्हणाली. उशीचा प्रश्न तसाच राहिला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. डेंग्यू. दादाने तो दोनदा वाचला. "खरंच हाय की रे," एवढंच म्हणाला आणि गाडी आणायला गेला. महाडच्या दवाखान्यात मला सलाईन लावलं, तेव्हा कापणी टाकून तो उशाशी बसून होता.

मी बरा होऊन वाडीवर गेलो तोवर भात घरात आलं होतं. पुतणी मुंबईला निघाली होती. दादा तिची पिशवी उचलत म्हणाला, "पुढल्या कापणीला पट्ट्या घेऊनच ये. आणि कंबरेची एखादी निघते का बघ."