खिशातला बुवापाडा

रस्त्यात कुणाला काही विचारायची वेळ येणं हा माणसाचा पराभव आहे, असं मानणारा एकच इसम मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचा. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर, आमचं सहा खुर्च्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. हा इसम, म्हणजे आमचे काका, त्यातले सगळ्यात वयस्कर. आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पन्नाशीत आमच्याकडे याद्या भरायला आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक वही असे आणि तिच्यात उभं जग अकारविल्हे लावलेलं असे: कुठला डॉक्टर कुठल्या वारी बसत नाही, कुठल्या भाचीला कितवी मुलगी, कुठल्या व्याह्यांसमोर कुठला विषय काढायचा नाही. "बाहेर विचारायचं नाही, जवळ ठेवायचं," हे त्यांचं ब्रीद. एकदा एका लग्नात वहीत डोकावून त्यांनी भाच्याचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाले, "सहावीत ना रे तू?" भाचा म्हणाला, "मामा, मी नवरदेव आहे." काकांनी पुन्हा वही उघडली, पान नीट न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "हां, हे पान जुनं दिसतंय."

दोन हजार आठच्या सुमाराला एका आरोग्यसंस्थेनं आम्हाला काम दिलं. बुवापाड्याच्या वस्तीत घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या बायांसाठी मोबाइलवर फॉर्म बनवायचा. दोन अक्षरं दाबली की त्या घरातली माणसं समोर यायला हवीत. माझं मत पडलं, नावं ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवू, मोबाइल नेटवरून मागवून घेईल. काका उसळलेच. "म्हणजे बाई दारात उभी, आणि तिचा फोन उल्हासनगरला विचारायला येणार? घरात मीठ आहे का ते बघायला शेजारी जातं का कुणी?" अख्खी यादी मोबाइलच्याच पोटात, छोट्या डेटाबेसमध्ये भरायची, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. संस्थेनं दिलेल्या यादीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून महिनाभर स्वतः दारोदार फिरून नावं लिहून आणली. गल्ल्यांनाही लोकांच्या तोंडची नावं दिली: 'गिरणीची गल्ली', 'भांडणाच्या नळाची गल्ली'. बाया खूश झाल्या. आमचे सिंधी मालक, शेठ, मात्र धास्तावले होते, कारण दुसरी एक कंपनी या कामावर टपून बसली होती. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. "काका, साईं, ये काम हाथ से गया तो मैं आपको किधर बिठाऊँ?" बाहेर आल्यावर काकांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं, पण पेनाचं टोपण काढायचं राहून गेलं होतं.

चाचणीला संस्थेचे साहेब आले. हट्टानं मी माझा सर्व्हरवाला फॉर्मही आणला होता. पत्र्याच्या त्या दाट वस्तीत तो नेट शोधत गोल गोल फिरत राहिला, आणि काकांच्या फोनवर दोन अक्षरांत कुटुंब हजर! साहेबांनी मान डोलावली. काका असे फुलले, की त्यांनी दारात आलेल्या त्या घरच्या बाईंना खड्या आवाजात वाचूनच दाखवलं, "माणसं चार. सासूबाई पार्वताबाई, वय बहात्तर."

बाई म्हणाल्या, "जयभीम काका. आई गेल्या ना. वीस दिवस झाले."

"म्हणजे तुमची यादी शिळी आहे," साहेब म्हणाले. "हिच्यावर आम्ही औषधं वाटायची?"

गेली काकांची खुर्ची, असं मला वाटलं. काका मात्र वाद घालायला गेले नाहीत. "चूक माझीच, साहेब. पार्वताबाईंनी मला इथंच बसवून चहा पाजला होता. मी नाव लिहून घेतलं, पण कधी विचारलं ते लिहिलं नाही." त्यांनी नाव पुसायला बटणावर अंगठा ठेवला. बाईंनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. "एवढ्यात नका ना काढू, काका."

अंगठा तसाच राहिला. मग तिथंच, गल्लीत उभ्या उभ्या, ते मला म्हणाले, "दर नावाखाली तारीख टाक. शेवटचं कधी विचारलं ती. तारीख जुनी झाली की फोननंच सांगावं, पुन्हा विचारून या. आणि गेलेल्या माणसाला आकड्यातून काढायचं. नाव राहू दे." एकदा वहीत उतरवलेलं पुन्हा कुणाला न विचारणारा माणूस हे बोलत होता. साहेब म्हणाले, "आठवड्यात करून द्या." काकांची खुर्ची राहिली. शेठनी सगळ्यांना दाल-पकवान मागवलं.

ते ऑफिस आता नाही. काका कधीच निवृत्त झाले, मी पुण्याला आलो. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर आहे, बदलापूरचा पत्ता आहे, कात्रप, तिसरा मजला, सगळं आहे. शेवटचं कधी विचारलं होतं? पाच वर्षं झाली असतील, सहाही असतील. बायको म्हणते, लाव की एक फोन. मी नंबर काढतो, बघतो आणि ठेवून देतो. खरं सांगायचं तर भीती वाटते. पलीकडून दुसऱ्याच कुणाचा आवाज आला, तर काय विचारायचं, हे मला सुचत नाही.