निळी रिबिन

मी शिकवायची त्या बडोद्याच्या मुलींच्या शाळेत घंटा द्यायला एक मावशी होत्या. क्रीडादिनाला चारही गटांच्या रंगीत रिबिनी त्याच कापायच्या आणि दरवर्षी मला विचारायच्या, "बाई, माझा गट कुठला हो?" मी आपली हसायची.

मुली इंग्रजी शाळांकडे वळू लागल्या, तेव्हा एका वर्षी रस्सीखेचीला निळ्या गटात एक मुलगी कमी पडली. "मावशी, चालो ने!" म्हणत पोरींनी त्यांच्या पांढऱ्या वेणीला निळी रिबिन बांधली. गट हरला, पण मावशी धुळीत बसून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रिबिन तशीच, झोपून चुरगळलेली.

"अहो, सोडली नाहीत?"

"रोज माझी वेणी मीच घालते, बाई. ही कुणीतरी बांधलीय. सोडवेना."