आण्णांची गोळी

आण्णांना झटका आला तो दुष्काळाच्या आदल्या वर्षी. हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि घरी सोडताना डॉक्टरांनी कमी ताकदीची अॅस्पिरिन लिहून दिली. रोज एक, जेवण झाल्यावर, न चुकता. माझे वडील त्यातून उठले, पुन्हा रानात जायला लागले. आईच्या मनात त्या बारक्या गोळीनं देव्हाऱ्यातली जागा घेतली.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात आई बायकांच्या दूध संस्थेची अध्यक्ष होती. पाऊस गेला, निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, जनावरं चारा छावणीत बांधली गेली. संस्थेला कुलूप लावा, असं पुरुषमंडळी म्हणू लागली. आई म्हणाली, "तांब्याभर का होईना, दूध रोज गोळा करायचं. एकदा कुलूप लागलं की ते उघडत न्हाई." मग पहाटे संकलन केंद्र, तिथून छावणी, तिथून चाऱ्यासाठी तहसील. जेवायची शुद्ध नसायची. गुडघे ठणकायचे म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी ती उपाशीपोटीच गिळायची.

मी बीडला नांदत होते. दिवाळीला माहेरी गेले, तर आई आण्णांच्या पाकिटातली गोळी तोंडात टाकताना दिसली.

"तू कावून घेतीस? तुला कुठं झटका आलाय?"

"यायची वाट बघू का? मी पडले तर संस्था कोण बघल? आदीच घेतलेली बरी."

डॉक्टरांना विचार म्हटलं, तर हसली. संस्थेतल्या दोन-तीन जणींनाही तिनं ती गोळी सुचवली होती, हे मला मागाहून कळलं.

पुढं उन्हाळ्यात एका सकाळी आण्णांचा फोन आला. दूध मापता मापता आई खाली बसली ती उठेचना. जीपमधून तिला बीडच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

आईनं मान हलवली. बरेच दिवस तसं होत होतं. ती कुणाला बोलली नव्हती.

घशातून दुर्बीण घालून पाहिलं. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त वाहत होतं. रक्ताच्या पिशव्या चढवल्या. आई आण्णांची गोळी आणि दुखण्याची गोळी घेते, हे मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई खाटेशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रक्ताची गाठ होऊ देत नाही, तीच गोळी जखमेचं रक्तही लवकर थांबू देत नाही. त्यात तुमची दुखण्याची गोळी आणि रिकामं पोट. तुमच्या यजमानांच्या हृदयात जाळी आहे, म्हणून त्यांना धोक्यापेक्षा फायदा मोठा. तुम्हाला तो आजारच नाही, मग नुसता धोका कशाला पत्करायचा?"

आण्णा दाराशी उभे होते. बाई गेल्यावर त्यांनी खिशातलं पाकीट काढलं. "जी तुझ्या जिवावर उठली, ती मी खानार न्हाई. आजपासनं बंद."

आईला धड मान उचलता येत नव्हती, पण आवाज अध्यक्षीणबाईंचाच होता. "काय बोलल्या त्या, ऐकलं न्हाई का तुमी? तुमी बंद केली तर ती जाळी बुजल. मला बरं होऊन परत दवाखान्यात बसवायचं हाय का?"

"मला भ्याव वाटतंय गं."

"मलाबी वाटतंय. जेवला न्हवं? मग घ्या. माझ्यासमोर घ्या."

मी पाणी दिलं. आण्णांनी गोळी घेतली आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. संध्याकाळी मी बाईंना आण्णांच्या पोटाचं विचारलं. त्यांनी अॅस्पिरिन चालू ठेवून पोट सांभाळायची आणखी एक गोळी दिली आणि शौचाला काळं झालं तर तडक या, असं बजावलं.

घरी आल्यावर चार दिवस पड म्हटलं, तर आई दुसऱ्याच सकाळी माझा खांदा धरून केंद्रावर गेली. बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. ओट्यावर बसून ती म्हणाली, "ती गोळी घ्या म्हनून मीच सांगितलं हुतं. लई चुकलं माझं. ज्यांना डॉक्टरनी न्हाई दिली, त्यांनी आजच सोडा. आन् ज्यांना डॉक्टरनी दिलीय, त्यांनी माझं बघून भिऊन सोडू नका. आदी डॉक्टरला इचारा."

एक म्हातारी म्हणाली, "माझी तर झटक्यानंतर डॉक्टरनीच दिलेली हाय. तुझं असं झालेलं ऐकून कालपासनं बंद केली."

"मग चल, आत्ताच बीडला फोन लावू," म्हणत आईनं माझ्याकडं हात पुढं केला. मी मोबाईल तिच्या हातात दिला.