वाळू कुठली?

इंजिनियर माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसते ती माझं दुकान बुडवायलाच, असं माझी बायको पहिल्या रविवारपासून म्हणत आली आहे. तिचं अगदीच चुकत नाही. माझं दुकान सिमेंटचं आणि सळ्यांचं. रविवारी चर्च सुटलं की लोक इकडेच वळतात, आणि मी गोण्या पुढे काढेपर्यंत ही बाई निम्म्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवते.

तिचं नाव विसितासियोन. शाळेत आम्ही एका वर्गात होतो म्हणून मी तिला सिओनी म्हणतो, बाकी सगळं गाव इंजिनियर म्हणतं. इलोइलो शहरात शिकली, नगरपालिकेत लोकांच्या घरांचे नकाशे तपासता तपासता निवृत्त झाली. लग्न केलं नाही. बरोबरीचे दुबईला गेले, सिंगापूरला गेले. ही म्हाताऱ्या बापाला सोडून कुठे गेली नाही. आता रविवारी बाकावर बसून फुकट उत्तरं देते, तीही फटकळ.

प्रश्न तेच ते असतात. "इंजिनियर, स्लॅबला भेगा पडल्या हो."

"पाणी किती दिवस मारलंत?"

"ओतला त्या दिवशी मारलं की भरपूर!"

"पोराला एकदाच जेवायला घालता का?"

मग दुसरा कोणी डोकं खाजवत पुढे येतो. काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून त्याने दोन बादल्या पाणी जास्त घातलेलं असतं. आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी अख्खी आळी मदतीला येते आणि दुपारी डुक्कर भाजून सगळ्यांना जेवण असतं. "माणसं खोळंबली होती हो जेवायला," तो म्हणतो. "पातळ केलं की पटकन पसरतं."

"म्हणजे डुकराच्या घाईत स्लॅब गेला," सिओनी म्हणते, आणि अख्खा बाक हसतो. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी हेच केलेलं असतं.

पण एक प्रश्न ती उलट सगळ्यांना विचारते. वाळू कुठली? कोणी कागदाच्या पुडीत वाळू आणली तर चिमूटभर जिभेवर ठेवते आणि थुंकते. खारट लागली की संपलं. किनाऱ्यावरची वाळू दारातच पडलेली, कोणाला विचारायला नको, म्हणून आमच्या बापांनी सगळी घरं त्याच वाळूची बांधली. ती सांगते, मीठ सळईला खातं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. घर वरून रंग लावून हसत उभं असतं, आणि जमीन जरा जोरात हलली की बसतं.

तिचा एक नियम आहे. विचारल्याशिवाय कोणाच्या घराबद्दल बोलायचं नाही. न विचारता सांगितलं की लोकांना वाटतं शाप दिला.

या नियमाचा मला राग यायचा, कारण तो ती कोणासाठी पाळते ते मला ठाऊक होतं. तिचा बाप, ताताय उस्तिंग, मासेमार. आमच्याकडे बापाला ताताय म्हणतात, आईला नानाय. समुद्राला लागून त्यांचं एकमजली घर, त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं. छतावर चारी कोपऱ्यांना कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्या, धाकटा मुलगा हेर्मी जहाजावरच्या नोकरीतून परत आला की त्याच्यासाठी वरचा मजला चढवायला. वादळ येऊन गेलं की म्हातारा शिडी लावून वर चढायचा आणि उडून गेलेले दुधाचे रिकामे डबे पुन्हा सळ्यांवर पालथे घालायचा. सळ्यांना पाऊस लागू नये म्हणून. आणि दर वर्षी जत्रेआधी माझ्याकडून सिमेंट नेऊन कॉलमच्या भेगा बुजवायचा, वर निळा रंग. भेगा दर वर्षी रुंद व्हायच्या. मला दिसत होतं, तर हिला दिसत नव्हतं?

"तुझ्या बापाला कधी सांगणार गं?" मी एकदा तोंडावरच विचारलं.

"त्यांनी विचारलं की."

"गावाला मारे शहाणपण शिकवतेस!"

"तेम्यो, त्यांनी मला मासळी विकून शिकवलं. आता मी त्यांना सांगू की तुमचं घर आतून कुजलेलं आहे?" मी गोण्या मोजायचं सोंग केलं.

मग या वर्षी हेर्मीचा फोन आला. जहाज कायमचं सोडून तो बायको आणि पोरं घेऊन घरी येणार होता. म्हातारा माझ्या दुकानात आला तो जवळपास नाचतच. "तेम्यो, काढ माल! वरचा मजला चढवायचा!" सिमेंट, सळ्या, खडी, सगळं सांगून गेला. वर्षात एवढी मोठी मागणी मला मिळाली नव्हती आणि ती घेताना मला घाम फुटला.

मी तडक सिओनीकडे गेलो. "आता तुझा नियम चुलीत घाल," मी म्हणालो. "सोमवारी माझा ट्रक निघेल. त्या छताखाली तुझा बाप झोपतो. वर तुझ्या भावाची पोरं झोपणार."

"रविवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "मी सांगते."

शनिवार गेला, तिने सांगितलं नाही. रोज रात्री जेवताना तोंड उघडते आणि भात घालून पुन्हा मिटते, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

रविवारी बाक भरलेला होता. अगदी टोकाला मला ताताय उस्तिंग बसलेला दिसला. जत्रेचा पांढरा सदरा घातलेला, टोपी मांडीवर. लोक उठून पुढची जागा द्यायला लागले तर म्हणाला, "नको. माझा नंबर आला की येतो." सिओनीने त्याला पाहिलं आणि पुढच्या तिघांना तिने काय उत्तरं दिली ते तिचं तिलाच माहीत.

त्याचा नंबर आला. ती उभी राहिली.

"बस," तो म्हणाला. "मी विचारायला आलोय, इंजिनियर." तिला तो आयुष्यभर इंदाय म्हणत आला, आमच्याकडे लाडक्या पोरीला म्हणतात तसं. इंजिनियर त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला. "जुनं घर आहे. एकमजली. वर अजून एक मजला चढवायचाय. चढेल का?"

सिओनीने हात मांडीवर घट्ट धरले. "वाळू कुठली होती?"

"समुद्राची."

"धुतली होती का?"

"नाही."

"कोणी आणली?"

"मी आणली, बायकोने आणली. आणि माझ्या पोरीने. एवढीशी होती. मार्जरीनचा डबा भरून डोक्यावर घ्यायची आणि अर्धी वाळू वाटेतच सांडायची." तो हसला. सिओनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"नाही चढणार, ताताय."

"आणि आत्ता जे उभं आहे, ते?"

"त्यातही राहू नये."

म्हाताऱ्याने टोपी एकदा फिरवली. "मी दर वर्षी भेगा बुजवतो. पहिल्यांदा वाटायचं गिलावा वाईट. मग वाटलं, वाईट काहीतरी आहे, पण इंदाय बोलत नाही म्हणजे चालण्यासारखं असेल. पण आता रोज रात्री जेवताना तू तोंड उघडून मिटतेस, म्हणून विचारायला आलो." मग त्याने मान वर केली. "धुतली असती तर?"

"ताताय, गोडं पाणी तेव्हा डोंगराखालच्या विहिरीवर होतं. नानाय पिण्यापुरतं आणता आणता दमून जायची. वाळू धुवायला कुठून..."

"मी ते विचारलं नाही. धुतली असती तर चढला असता?"

मला वाटलं, आता तरी ही खोटं बोलेल. मी असतो तर बोललो असतो.

"चढला असता," सिओनी म्हणाली.

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग उठला. "बरं. गावाला सांगतेस तेच मला सांगितलंस," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तेम्यो, ट्रक राहू दे. लोखंड कापायची करवत दे."

त्या दुपारी तो स्वतः छतावर चढला आणि त्याने त्या सळ्या एकेक करून कापल्या. सिओनी खाली शिडी धरून उभी होती. दुधाचे डबे तो एकेक खाली टाकायचा आणि ती उचलून भिंतीशी रांगेत ठेवायची. संध्याकाळी दोघं जेवायला एकत्र बसली, हे मी पाहून आलो.

हेर्मी आला. दोन दिवस रुसला, मग सगळ्यांना घेऊन माझ्या गोदामात राहायला आला, कारण जुनं घर पाडायचं ठरलं. त्याच आवारात, समुद्रापासून जरा मागे, सिओनीने एकमजली ऐसपैस घर आखलं. पाया खणला त्या दिवशी म्हाताऱ्याने पांढरा कोंबडा कापून खड्ड्यांत रक्त शिंपडलं, आणि आमची इंजिनियर त्याच्याशेजारी कोंबडा धरून उभी होती. मी हसलो तर म्हणाली, "यानं काही बिघडत नाही. पाणी जास्त घातलं की बिघडतं."

या वेळची वाळू नदीची होती. डोंगरातून येणारी, मिठाचा तिच्याशी काय संबंध? पण ताताय उस्तिंग सकाळपासून नळाखाली बसून घमेलं घमेलं धूत होता. हेर्मी वैतागला, गवंडी वैतागले, मीही वैतागलो. सिओनी मात्र कोणाला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हती.

धुऊन झालं की तो चिमूट जिभेवर ठेवायचा आणि दुसरी चिमूट तिच्यापुढे धरायचा. "बघ गं इंदाय, मीठ आहे का?"

ती प्रत्येक वेळी चाखायची. "नाही, ताताय. भरूया."

मग ती घमेलं उचलायला वाकली की तो तिचा हात बाजूला करायचा. "तू एकदा वाहिलीस," तो म्हणायचा, आणि त्या वयात घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन पायाच्या खड्ड्यापर्यंत जायचा.